तांती अगाफियाचा सल्ला

इटलीतल्या पादोवात नव्यानं आलेल्या आमच्या मोल्दोवाच्या बाईला दोन ठिकाणं माहीत असली की भागायचं. एक ते मैदान, जिथून रविवारी सकाळी गावाकडच्या गाड्या सुटतात. दुसरा तांती अगाफियाचा बाक. तांती म्हणजे मावशी. ती आमच्यापैकी कुणाचीच सख्खी मावशी नव्हती, पण तिला नुसतं अगाफिया म्हणायची छाती माझी आजवर झालेली नाही, आणि मी काही भिडस्त बाई नाही.

आम्ही सगळ्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या बाया. त्यांच्याच घरात राहायचं, शेजारच्या खोलीत एक कान उघडा ठेवून झोपायचं, आणि सुट्टी म्हणजे रविवार आणि गुरुवारची दुपार. गुरुवारी दोन वाजता स्टेशनमागच्या बागेत आलात तर इटालियन शब्द ऐकायला मिळायचा नाही. कालव्याच्या कडेच्या बाकावर तांती बसलेली असायची. बुटकी, रुंद, राखाडी कोट, डोक्यावर लोकरीची टोपी, आणि मांडीवर एक फुगलेली पिशवी, तिच्यात कागदांच्या नकला. गावाकडे ती टपाल कचेरीत होती. गावातल्या प्रत्येकाचं पाकीट कुठून येतं हे तिला वीस वर्षं ठाऊक होतं, आणि ती सवय तिनं सीमेवर टाकून दिली नव्हती.

मी आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात माझ्या सिन्योर ओरेस्तेंशी माझं वाजलं होतं. त्यांची कॉफीची किटली मी साबणानं लख्ख घासून ठेवली होती, आणि भांड्यात मावेना म्हणून त्यांचं लांब स्पागेत्ती मोडून दोन तुकडे केले होते. म्हातारा जेवला नाही. मी रडत बाकाशी गेले. तांतीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पोरी, त्यांच्या बँकेचं पुस्तक हरवलंस तरी चालेल, किटलीला साबण लावायचा नाही, कॉफीची चव जाते म्हणतात. आज रात्री त्यांना मामालीगा करून घाल. इथे पोलेंटा म्हणतात. तुझी आई करते तशीच कर, फक्त त्यांना सांग की त्यांच्या आईची कशी व्हायची ते सांगा म्हणून." त्या रात्री म्हातारा ते मक्याचं घट्ट पिठलं जेवला, आणि आईच्या आठवणीनं नाक शिंकरत बसला. मी नऊ वर्षं त्या घरात राहिले.

तिचे सल्ले असे असायचे. सकाळी आठच्या आत खिडक्यांच्या झडपा वर केल्या नाहीत तर शेजारीण समजते की म्हातारी गेली, आणि मुलांना फोन करते. केस ओले ठेवून घरात फिरू नकोस, इथे त्यांना वाऱ्याची भीती देवापेक्षा जास्त. डॉक्टरकडे शिरलीस की आधी 'रांगेत शेवटचं कोण?' असं विचार, मग बस. सूर्यफुलाच्या बियांची टरफलं बागेत टाकू नका, नाहीतर उद्या हा बाक आपल्याकडून जाईल. समजलं नसेल तर मान हलवू नकोस. आणि प्रत्येक कागदाच्या तीन नकला, एक तुझ्याकडे, एक मैत्रिणीकडे, एक माझ्या पिशवीत.

एकच गोष्ट ती कधी म्हणत नसे, ती म्हणजे 'मला माहीत नाही'. पूर्वी तसं म्हणायची तिला गरजही पडत नव्हती. दर मंगळवारी पहाटे ती पोलीस कचेरीच्या परदेशी लोकांच्या खिडकीशी रांगेत उभी राहायची. स्वतःचं काम असो नसो, भिंतीवरचे सगळे कागद वाचायची, खिडकीतल्या माणसाला दोन प्रश्न विचारायची, आणि गुरुवारी आम्हाला ताजी बातमी मिळायची. मग तिची सिन्योरा बेर्तिला न्हाणीत पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि म्हातारी अंथरुणाला खिळली. तिला एकटं टाकून पहाटे बाहेर पडणं शक्य नव्हतं. मंगळवार बंद झाला. गुरुवार चालूच राहिला. मधल्या दीड वर्षात तिचं सांगणं शिळं होत चाललंय हे आमच्यापैकी कुणाच्या ध्यानात आलं नाही. तिच्या आलं होतं का, ते पुढे कळलंच.

आता कागदाचं सांगायला हवं. इथे राहायचा आमचा परवाना ठरावीक मुदतीचा. मुदत संपत आली की नवा मागायचा, आणि तो यायला कधी सहा महिने, कधी वर्ष. तोवर हातात नुसती पावती. पावतीवर काम करता येतं, राहता येतं, पण तिच्यावर देश सोडून गेलात तर परत येताना सीमेवर ती पावती कुणी मानत नाही. आमच्यातल्या कितीतरी जणी ट्रकच्या मागे ताडपत्रीखाली बसून आल्या होत्या. तो प्रवास पुन्हा करायचं कुणाच्याही अंगात बळ नव्हतं.

डिसेंबरातल्या दुसऱ्या गुरुवारी आउरिका बाकाशी आली. पस्तिशीची, उंच, कमी बोलणारी पोरगी. एका म्हाताऱ्या शिक्षिकेकडे असायची. नवऱ्यानं केव्हाच दुसरा संसार थाटला होता, मुलगी तिकडे बाल्ती शहरातल्या शाळेत नर्सिंग शिकत होती, आणि गावी आई. त्या आईला आदल्या दिवशी अर्धांगाचा झटका आला होता. बोलता येत होतं, पण तोंड वाकडं झालं होतं, आणि डॉक्टरनं सांगितलं होतं की दुसरा झटका आला तर राहणार नाही. आउरिकाच्या हातात पावती होती.

ती उभीच होती. म्हणाली, "तांती, मी जाऊ का?"

तांतीनं पावती हातात घेतली, डोळ्यांजवळ नेली, उलटीसुलटी केली.

"जाऊ नकोस," ती म्हणाली. "गेलीस की परत येणं नाही. तुझ्या पोरीचं शिक्षण अर्ध्यावर राहील. तुझी आई काय म्हणेल? तीसुद्धा हेच म्हणेल."

"काहीच मार्ग नाही?"

"असता तर मी सांगितला नसता?"

आउरिकानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. तांतीचंच खरं, अशी. त्या मानेचं ओझं मी अजून वाहतेय.

त्यानंतर ती रोज फोन करायची. आईला फोनवर आवाज ओळखू यायचा. आमच्या जुन्या पंचांगाचा नाताळ सात जानेवारीला असतो, तो म्हातारीनं पाहिला. नऊ तारखेला, गुरुवारी सकाळी, ती गेली. त्या दुपारी आउरिका बागेत आली ती हातात फोन घेऊनच. गावाकडे तिच्या मावशीनं, तुदोरानं, आपला फोन शवपेटीच्या कडेला ठेवला होता, आणि आउरिका बाकावर बसून बायकांचं रडणं आणि पाद्र्याचं गाणं ऐकत होती. आम्ही भोवती उभ्या राहिलो होतो. ती स्वतः रडली नाही. मधेच फोन कट झाला तेव्हा तिनं तो दोन वेळा झटकला, पाणी गेलं असावं तसा, आणि पिशवीत ठेवला.

जानेवारीच्या अखेरीस रायसा नावाची बाई गावाहून परत आली. तीही पावतीवालीच. आम्ही तोंडात मारल्यासारख्या बघत राहिलो. रायसा मजेत होती, गावचं लोणचं वाटत होती. तिनं सांगितलं, या वर्षी सणासाठी पावतीवाल्यांना जाऊन यायची मुभा होती. पंधरा डिसेंबर ते वीस जानेवारी. व्हेरोनाहून थेट आमच्या राजधानीच्या, किशिनाऊच्या विमानानं जायचं, त्यानंच परत यायचं, पावतीवर शिक्का मारून घ्यायचा. बस. पोलीस कचेरीच्या दाराशीच कागद लावला होता की, म्हणाली, आणि शिक्का दाखवला. पावती हातोहात फिरली. तांतीच्या हातात आली तेव्हा तिनं चष्मा लावला नाही. तशीच पुढे दिली. आउरिका त्या दिवशी आली नव्हती, तिच्या शिक्षिकेला ताप होता.

मग आम्ही बायकांनी ठरवलं. ठरवण्यात पुढाकार माझाच होता, खोटं कशाला बोलू. आउरिकाला सांगायचं नाही. म्हातारी गेली ती गेली, आता सांगून ती उठून बसणार आहे का? रायसाला मी बाजूला घेऊन बजावलं की तुझा शिक्का तुझ्यापाशी ठेव.

पुढचे दोन गुरुवार तांती आली नाही. तिसऱ्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती सिन्योरा बेर्तिलाला चमच्यानं सूप भरवत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी विचारलं नव्हतं, दोम्निका."

मी म्हटलं, तुम्हाला बाहेर पडता येत नव्हतं, कसं विचारणार.

"फोन होता. तुला पाठवता आलं असतं. रायसाला विचारता आलं असतं. मला वाटलं, अगाफियाला कळत नाही असं झालं तर हा बाक कुणाचा?" तिनं म्हातारीची हनुवटी पुसली. "बाकासाठी मी पोरीची आई घालवली."

मला राग आला. तिचा नाही, तिनं ते बोलून दाखवलं याचा. मी म्हटलं, तांती, आता सत्यवादीपणा नको, त्या पोरीला सुखानं दुःख करू द्या. तिनं पुढचा चमचा भरला. सूप संपलं.

चाळिसावा झाल्यावरच्या गुरुवारी आउरिका कोलाच घेऊन बागेत आली. आमच्याकडे मेलेल्याच्या नावानं हा वेणीसारखा विणलेला गोल पाव वाटतात, वर मेणबत्ती खोचून. घेणाऱ्यानं 'देव तिला क्षमा करो' म्हणायचं, मग ते दान मेलेल्याला पोचतं. शिक्षिकेच्या ओव्हनमध्ये रात्र जागून तिनं बारा कोलाच भाजले होते. पहिला तांतीला दिला. आणि कधी नव्हे ते बोलली, सगळ्यांसमोर.

"तांती, तुम्ही नसता तर मी वेड्यासारखी निघाले असते. आई तर गेलीच असती, कागदही गेला असता. मला रात्री झोप लागते ती एवढ्याचसाठी, की दुसरा मार्गच नव्हता."

तांतीनं कोलाच घेतला. ओठ हलले, क्षमेचे शब्द मला ऐकू आले. पण तिनं त्याचा तुकडा मोडला नाही, पिशवीत नकलांवर ठेवून दिला. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की गप्प राहायचं मी जे ठरवलं, ते आउरिकाच्या नव्हे, आमच्याच सोयीचं होतं.

मोठ्या ईस्टरनंतर आठ दिवसांनी आमच्याकडे मेलेल्यांचा ईस्टर असतो. त्या दिवशी माणूस जगाच्या टोकावर असला तरी आईबापांच्या कबरीशी जातो. आउरिकाचा परवाना मे उजाडला तरी आला नव्हता, आणि सणाची मुभा केव्हाच संपलेली. तिनं तांतीला विचारलं, माझ्याऐवजी तुम्ही जाल का? तांतीकडे पक्का परवाना होता आणि दोघींची गावं एकाच तालुक्यात. नाही म्हणायला तांतीकडे काय होतं? सिन्योरा बेर्तिलाच्या मुलीनं आठवडाभर रजा काढली. मीही त्याच गाडीनं निघाले, कारण माझा परवाना हातात होता, मलाही घरी जायचं होतं, आणि तिला एकटं सोडवेना.

दोन रात्री गाडीत. आउरिकानं दिलेलं गाठोडं तांतीनं मांडीवरून खाली ठेवलं नाही. त्यात टॉवेल होते, पेले होते, मेणबत्त्या, इटलीच्या साखरेत घोळवलेल्या बदामाच्या गोळ्या. हंगेरीतून जाताना तिनं मला विचारलं, कबरीशी मी तो क्षमेचा शब्द कसा बोलू? मी झोपल्याचं सोंग केलं.

कबरस्तान टेकडीवर होतं. अक्रोडाला कोवळी पानं आली होती. सगळा गाव कबरींवर सतरंज्या अंथरून बसला होता, लाल अंडी, कोलाच, घरची दारू. पाद्री कबरीमागून कबर करत गात येत होता. आउरिकाच्या आईच्या कबरीवर अजून दगड नव्हता, लाकडी क्रूस आणि मातीचा ओला उंचवटा. तुदोरा, सत्तरीची ताठ बाई, डोक्याला काळा रुमाल. तिनं गाठोडं सोडलं, सगळं मांडलं, मेणबत्त्या लावल्या. पाद्री पुढे गेल्यावर तिनं पहिला पेला भरला, त्याला टॉवेल गुंडाळला, आणि दोन्ही हातांनी तांतीपुढे धरला.

"आधी तुम्हाला," ती म्हणाली. "आमच्या पोरीचा कागद तुम्ही राखलात. आउरिका फोनवर तुमचंच नाव घेते."

पेला हातात घेतल्यावर फक्त ते चार शब्द बोलायचे असतात. लहान पोरंही बोलतात, गोळी मिळावी म्हणून. तांती पेला धरून उभी राहिली. आजूबाजूच्या कबरींवरचे लोक बघायला लागले.

"हे मला म्हणता यायचं नाही," ती शेवटी म्हणाली. "तिनं काय केलंय, देवानं तिला क्षमा करायला? तुदोराबाई, आउरिकाला येता येत होतं. सरकारनं मुभा दिली होती. मला माहीत नव्हतं, आणि माहीत नाही असं मी म्हटलं नाही. मी तिला सांगितलं, मार्ग नाही."

मी खाली बघत होते. तुदोराचे बूट दिसत होते मला, चिखलानं भरलेले.

"पेला खाली ठेवू नका," तुदोरा म्हणाली. "कबरीवर दिलेलं आम्ही परत घेत नाही. ते माझ्या बहिणीचं आहे, ते तिला पोचायला पाहिजे. म्हणा आणि प्या. बाकीचं माझ्याकडे आणू नका. मी त्या पोरीची आई नाही."

"आउरिकाला सांगू?"

"फोनवर नको," तुदोरा म्हणाली. "तोंडावर सांगा."

तांतीनं ते शब्द म्हटले आणि पेला एका घोटात रिकामा केला. मग तुदोरानं तिला सतरंजीवर बसवलं, पुढ्यात अंडं आणि पाव ठेवला. मी उठून बाकीच्या कबरींवर गोळ्या वाटत फिरले. परत आले तेव्हा त्या दोघी डोकं डोक्याला लावून हळू आवाजात बोलत होत्या, आणि तांती रडत होती. तुदोरा नव्हती रडत.

परतल्यावरच्या गुरुवारी तांती दोन वाजायच्या आधीच बाकावर होती. पिशवी आणली नव्हती. मी बाकीच्या बायकांना दुसऱ्या बाकाकडे वळवलं. एक नवी पोरगी बसच्या पासाचं विचारायला आली, तिलाही मीच थोपवलं. आउरिका आली, कबर कशी आहे, क्रूस सरळ उभा आहे ना, विचारत बसली. तांतीनं तिला सगळं सांगितलं. तारखा सांगितल्या, विमान सांगितलं, मंगळवार बंद झाल्याचं सांगितलं, जानेवारीपासून आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं हेही सांगितलं. सबब एकही जोडली नाही. मी दोन पावलांवर उभी होते, आउरिकानं एकदा मान वळवून माझ्याकडे पाहिलं, आणि मला कालव्यात उडी टाकावीशी वाटली.

"पंधरापासून," ती म्हणाली. "नऊ तारखेपर्यंत." तिनं बोटांवर मोजलं, शाळेतल्या मुलीसारखं, ओठ हलवत. "पंचवीस दिवस होते मला."

तांती म्हणाली, "हो."

कालव्यावरून एक सायकलवाला गेला. मला वाटलं, आता ती उठेल, थोबाडीत मारेल, काहीतरी करेल. तिनं विचारलं, "मावशी काय म्हणाली? आई माझं काही बोलली होती का?"

इथे खोटं बोलायला जागा होती. मी असते तर बोलले असते. म्हटलं असतं, शांतपणे गेली, तुला आशीर्वाद दिला. तांतीनं टोपी काढून मांडीवर ठेवली. तिचे केस किती विरळ झालेत ते मी तेव्हा पाहिलं.

"रोज अंधार पडला की म्हणायची, फाटकाला आतून कडी लावू नका," तांती म्हणाली. "आउरिका गाडीनं येईल आणि हाका मारत बसेल, तुम्ही सगळ्या बहिऱ्या. तुदोरा म्हणाली, शेवटच्या रात्रीही फाटक उघडंच होतं."

आउरिका रडली. तिच्या आईला जाऊन चार महिने होत आले होते आणि ती पहिल्यांदा रडली. इटालियन लोक वळून बघत होते. तांतीनं तिच्या पाठीवर ठेवायला हात उचलला, तो आउरिकानं बाजूला केला. जोरात नाही, पण केला. तांती उठायला लागली.

"उठू नका," आउरिका म्हणाली. "बसा इथेच. बोलू नका फक्त."

तांती बसली. सहा वाजेपर्यंत दोघी त्या बाकावर बसून होत्या, मध्ये एका माणसाची जागा सोडून, आणि तांती अगाफिया एक शब्द बोलली नाही. सहाला दोघी उठल्या आणि आपापल्या म्हाताऱ्यांना जेवायला घालायला गेल्या.